आभार कोणाचे मानावे?

शास्त्रपाठ : लूक १७:७-१९, नहेम्या १३:१०-१२

उज्जैनच्या जुन्या शहरातून रेल्वेमार्ग ओलांडून आले की माधवनगर लागते. लोक त्याला फ्रीगंज म्हणतात. शिंदे सरकारांच्या अमदानीत मराठी माणसे माळव्यात आली आणि येथेच स्थिरावली. या वस्तीचे नावही माधवराव शिंद्यांचेच. त्या मराठी माणसांत आम्ही थोडी ख्रिस्ती कुटुंबे आहोत. आमची रविवारची उपासना हिंदीत होते आणि ती आम्हांला प्रिय आहे. तरी आजीच्या तोंडून ऐकलेले मराठी गीत मनातून जात नाही. म्हणून आम्ही ठरविले की, महिन्यातून एक संध्याकाळ एकत्र बसून गावे आणि ऐकावे. यंत्रातून येणारे गाणे नव्हे, तर समोर बसून गायिलेले. दार सर्वांना उघडे ठेविले. शेजारची हिंदू-मुसलमान कुटुंबे येत, संगीत शिकणारी मुले येत. ‘उपासना संगीता’तील गीते होत, रेव्ह. ना. वा. टिळकांची भजने होत, कधी एखाद्या विद्यार्थ्याचा ख्याल, तर कधी माळवी लोकगीत. असे करता करता वर्ष झाले. बारा महिन्यांत बारा संध्याकाळी झाल्या. देवाच्या कृपेने एकही चुकली नाही.

बाराव्या संध्याकाळी आभार मानण्याचे काम माझ्याकडे आले. आदल्या रात्री बसून मी यादी केली. गाणारे, पेटीवाले, तबलजी, ज्यांच्या अंगणात आम्ही बसत होतो ते घरमालक, खर्चाला पैसे देणारे, प्रार्थनेला येणारे पाळकसाहेब. चौदा नावे झाली. मी ती वाचली, टाळ्या पडल्या, आशीर्वाद झाला, चहा झाला आणि लोक घरोघर गेले. मी पेटीवर खोळ चढवीत होतो, तेव्हा आत एक मावशी कपबशा विसळताना दिसल्या. मी सहज विचारले, “मावशी, आजचे शेवटचे गीत कसे वाटले?”

त्या हसून म्हणाल्या, “कोणते हो? मी तर आतच होते. शेगडीवर दूध ठेवून बाहेर कशी येणार?”

“आणि मागच्या महिन्याचे?”

“तेव्हाही आतच.”

बारा महिने ज्या बाईने चाळीस-पन्नास माणसांचा चहा केला, तिने बारांपैकी एकही संध्याकाळ पूर्ण ऐकलेली नव्हती. आणि माझ्या चौदा नावांत तिचे नाव नव्हते. मी ओशाळून क्षमा मागितली. त्यावर त्या म्हणाल्या, “अहो, प्रभूचे काम. त्यात आभार कसले?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. मावशींचे म्हणणे खरे होते काय? खरे असेल, तर मी ती चौदा नावे तरी का वाचली? आणि खरे नसेल, तर त्यांचे मी काय लागतो?

वाचकहो, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही. आपल्या मंडळ्यांत नाताळचे कार्यक्रम होतात, संमेलने होतात, कापणीचा सण होतो, आणि प्रत्येकाच्या शेवटी आभारप्रदर्शन होते. त्यावरून कितीदा मने दुखावतात हे पाळकांना विचारावे. म्हणून काही वडीलमंडळी म्हणतात की, ही आभाराची प्रथाच बंद करा. सेवा देवाची, गौरव देवाचा, मग माणसांची नावे कशाला? त्यांच्या बाजूला वचनही आहे. दान करताना डाव्या हाताला उजव्याचे कळू देऊ नये, असे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात शिकविले. लूकच्या सतराव्या अध्यायात तर तो अधिक कठोर बोलतो. एक दास दिवसभर नांगरून किंवा मेंढरे राखून घरी येतो, आणि धनी त्याला आधी आपले जेवण वाढायला सांगतो. सांगितलेले काम केले म्हणून धनी त्या दासाचे आभार मानतो काय, असे प्रभू विचारतो, आणि आज्ञेप्रमाणे सर्व केल्यावरही आपण निरुपयोगी दास आहोत असे म्हणावयास शिकवितो.

परंतु पवित्र शास्त्र वाचताना पान उलटण्याची घाई करू नये. त्याच अध्यायात, अगदी लगेच पुढे, दहा कुष्ठरोग्यांची हकीकत येते. दहाही बरे झाले, परत आला तो एकच, आणि तोही शोमरोनी. प्रभूने विचारले की, बाकीचे नऊ कोठे आहेत? एका दमात तो सांगतो की दासाने आभाराची वाट पाहू नये, आणि दुसऱ्या दमात आभार न मानणाऱ्यांविषयी त्याला दुःख होते. यात विसंगती आहे काय?

मला वाटते, नाही. ही दोन वचने दोन वेगळ्या माणसांना उद्देशून आहेत. पहिले वचन सेवा करणाऱ्याने स्वतःला सांगावयाचे आहे. दुसरे, सेवा घेणाऱ्याने स्वतःला. मावशींनी “आभार कसले?” असे म्हटले, ते त्यांच्या तोंडी शोभले. तेच वाक्य मी त्यांना ऐकविले असते, तर तो निव्वळ कृतघ्नपणा झाला असता. निरुपयोगी दासाचा दाखला प्रभूने शिष्यांना स्वतःसाठी दिला. दुसऱ्याला वाचून दाखविण्यासाठी नव्हे. आपली चूक नेमकी येथे होते. झाडणाऱ्याला, पाणी भरणाऱ्याला, शेगडीपाशी उभ्या असलेल्या बाईला आपण नम्रतेचा धडा देतो. आणि पाहुण्याला हार. वचने दोन्ही बरोबर, पण पत्ते चुकलेले.

आपल्या भाषेनेही येथे आपल्याला मदत केली आहे. ‘कृतज्ञ’ म्हणजे केलेले जाणणारा. आधी जाणणे, मग बोलणे. जो जाणत नाही त्याने कितीही गोड शब्दांत आभार मानले, तरी तो कृतज्ञ होत नाही. आणि ‘आभार’ या शब्दात ‘भार’ आहे. कोणीतरी ओझे उचलले होते, आणि त्याचे काही वजन आता माझ्यावर आहे, हे मान्य करणे म्हणजे आभार मानणे. मावशींच्या बाबतीत माझे पहिले पाप नाव न वाचण्याचे नव्हते. बारा महिन्यांत त्या गाणे ऐकू शकल्या की नाही, हे मला ठाऊकच नव्हते. मी जाणलेच नव्हते.

आणि आपण विसरतो तरी कोणाला? हा विसर आंधळा नसतो, त्याला नेम असतो. गाणारा लक्षात राहतो, तंबोरा धरून मागे बसलेली मुलगी राहत नाही. कीर्तनकाराचे नाव पत्रिकेवर छापले जाते, झीलकऱ्यांचे नाही. आमच्या शेजारचे देवास सर्व रसिकांना ठाऊक आहे, कारण कुमार गंधर्व तेथे राहिले. क्षयाने आजारी होऊन १९४८ साली ते देवासला आले. गाणे बंद, आणि पुन्हा गाता येईल याची खात्री नाही, अशी कित्येक वर्षे गेली. त्या काळात त्यांच्या पत्नी भानुमतीबाई यांनी शिक्षिकेची नोकरी करून घर चालविले आणि त्यांची शुश्रूषा केली. पुढे कुमारजी पुन्हा गाऊ लागले व देशभर गाजले. भानुमतीबाई मात्र १९६१ साली गेल्या. त्याच आजारात अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातील बायाबापड्यांची गाणी कुमारजींच्या कानी पडत. पुढे त्यांनी ती गोळा केली आणि त्या धुनांतून नवे राग बांधले. रागाला नाव मिळाले. त्या बायांची नावे कोणाला सांगता येतील? कुमारजींनी त्या लोकधुनांचे ऋण उघडपणे सांगितले, हे त्यांचे मोठेपण. आपण निदान तेवढे तरी शिकावे.

याहून कडू एक गोष्ट आहे. पावसाळ्यात आमच्या तबल्याची पुडी सैल पडली, म्हणून जुन्या शहरात एका कारागिराकडून नवी पुडी चढवून आणली. वादी ओढताना त्याच्या तळहाताला घट्टे पडलेले मी पाहिले. त्याने मागितले तेवढे पैसे दिले आणि ‘फिटले’ असे समजून परत आलो. त्याचे नाव विचारले नाही. पैसे दिल्याने मजुरी फिटते. ती बुडविणे तर पापच आहे. पण मजुरी चुकती केली म्हणजे माणूस चुकता होतो काय? दक्षिणेतील मृदंगाविषयी गायक टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. गाय, म्हैस, बकरी यांची कातडी कमावून मृदंग घडविणारे कारागीर बहुतांशी दलित आहेत, आणि त्यांतील अनेक घराणी ख्रिस्ती आहेत. मृदंग देवळात गेला, सभागृहात गेला. त्याला नमस्कार झाला. ज्यांनी तो घडविला ते उंबऱ्याबाहेर राहिले. वादकांची चरित्रे लिहिली गेली. घडविणाऱ्यांची नावे पुस्तकात येण्यास एवढा काळ लागला.

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांना हे दूरदेशीचे वाटू नये. ज्यांच्या आजा-पणजांनी गावात हलगी वाजविली, डफ वाजविला, सनई फुंकली, त्यांना ही हकीकत घरचीच आहे. लग्नात वाजंत्री हवा, पंगतीत नको. वाजविणाऱ्याचे हात हवेत, त्या हातांनी भरलेले पाणी नको. त्या पंगतीतून उठवलेल्यांच्या वंशजांना प्रभूने आपल्या मेजाशी बसविले. मग त्याच लोकांच्या मंडळीत कोणी दारापाशी आणि कोणी चुलीपाशीच राहावे, ही जुनी पंगत नव्या नावाने मांडली जात नाही काय? म्हणून हा प्रश्न शिष्टाचाराचा नाही, न्यायाचा आहे.

आता पवित्र शास्त्रातील गायनाची व्यवस्था पाहू. दावीदाने मंदिरसेवेसाठी गायकांची वाटणी केली ती १ इतिहास २५ मध्ये दिली आहे. तरबेज गायक २८८, त्यांचे २४ वर्ग, प्रत्येकात बारा जण. पाळी कोणाची हे चिठ्ठ्या टाकून ठरविले. लहान-थोर, गुरू-शिष्य असा भेद केला नाही. आणि त्याच्या लगेच पुढे, सव्विसाव्या अध्यायात, कोणाची यादी येते? द्वारपाळांची. गायकांच्या नावांइतक्याच काळजीने दार राखणाऱ्यांची नावे लिहिली आहेत. पंधराव्या अध्यायात तर ओबेद-अदोम हे नाव द्वारपाळांतही येते आणि वीणा वाजविणाऱ्यांतही. ज्या ओबेद-अदोमाच्या घरी कराराचा कोश तीन महिने राहिला, तोच हा असे पुष्कळ वाचक मानतात. तसे असेल, तर देवाचा कोश घरात ठेवून घेणारा माणूस एकदा दारात उभा राहतो आणि एकदा वाद्य हाती घेतो. दाराची सेवा हलकी आणि वीणेची थोर, असा हिशोब तेथे नाही.

पण यादी असली म्हणून सर्व सुरळीत चालते असे नाही. नहेम्याच्या तेराव्या अध्यायातील प्रसंग मला या वर्षात नव्याने कळला. नहेम्या काही काळ यरुशलेमेबाहेर होता. परत येऊन पाहतो तो मंदिरात गायन नाही. लेवी व गायक आपापल्या शेतांकडे निघून गेले होते, कारण त्यांचा ठरलेला वाटा त्यांना कोणी दिलाच नव्हता. नहेम्याने गायकांना दोष दिला नाही. देवाच्या सेवेत पोटाचा विचार कसला, असे प्रवचन त्यांना केले नाही. तो अधिकाऱ्यांशी भांडला. देवाचे मंदिर का सोडून दिले, असे त्याने त्यांना विचारले. मग गायकांना पुन्हा जागेवर आणले, धान्य-द्राक्षारस-तेलाचा दशमांश आणविला आणि वाटपासाठी विश्वासू माणसे नेमली.

हे किती अर्थपूर्ण आहे! मंदिर ओस पडण्याचे कारण गायकांची भक्ती आटली हे नव्हते; लोकांची कृतज्ञता आटली हे होते. त्यांनी गायकांचे आभार शब्दांनी मानले असतीलही. पण ‘आभारा’तील भार उचलण्यास कोणी पुढे आले नाही. जे काम एकट्यादुकट्याच्या खांद्यावर टाकून मंडळी निर्धास्त होते, ते काम एक दिवस थांबते. आणि ते थांबले म्हणजे आपण म्हणतो की, पूर्वीसारखी सेवाभावी माणसे राहिली नाहीत.

नावे घ्यावीत की नाही, याविषयी प्रेषित पौलाचा कित्ता पुरेसा आहे. सर्व गौरव देवाचा असे त्याच्याइतके कोणी सांगितले असेल? तरी रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय नावांनी भरलेला आहे. फीबी आहे; आपल्यासाठी ज्यांनी जीव धोक्यात घातला ते प्रिस्का व अक्विला आहेत, आणि त्यांचे आभार तो उघडपणे मानतो; श्रम करणाऱ्या स्त्रिया आहेत; त्याला आईसारखी झालेली रूफाची आई आहे; घर उघडे ठेवणारा गायस आहे. आणि शेवटी एक आश्चर्य : पौल सांगत असताना ज्याने हे पत्र लिहून घेतले तो तर्तियसही मध्येच स्वतःचा सलाम लिहितो. पौलाने त्याला थांबविले नाही. पौल पुष्कळ नावांपुढे काम सांगतो. कोणी श्रम केले, कोणी जीव धोक्यात घातला, कोणी आश्रय दिला. ही पदव्यांची यादी नाही, जाणलेल्या गोष्टींची यादी आहे. आपल्या आभारप्रदर्शनात आणि यात हाच फरक आहे. आपण नावापुढे मान लावतो. पौल नावापुढे श्रम लावतो.

तेव्हा माझ्या अल्पमतीप्रमाणे उत्तर असे आहे. सेवा करणाऱ्याने आभाराची अपेक्षा सोडावी, आणि सेवा घेणाऱ्याने आभाराचा कंटाळा सोडावा. देवाची उपकारस्तुती माणसांचे उपकार विसरण्याची सबब होऊ नये. आणि आभार केवळ जिभेने मानू नयेत. आधी जाणावे, मग सांगावे, मग भार वाटून घ्यावा. या तिन्हींपैकी दुसरे एकटेच केले म्हणजे टाळ्या होतात, दुसरे काही होत नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक सुचवितो. पुढच्या कार्यक्रमाआधी वर्गातील मुलांना एक काम द्यावे. बाके कोण मांडतो, दिवे कोण लावतो, कचरा कोण काढतो, पाणी कोण भरतो, हे मुलांनी स्वतः जाऊन विचारून यावे. नुसते नाव नको. ते काम कसे करतात, किती वेळ लागतो, त्यात अवघड काय, हेही विचारावे. मग वर्षातून एक दिवस ते काम मुलांनी व शिक्षकांनी करावे आणि रोज करणाऱ्याने पहिल्या ओळीत बसावे. दहा कुष्ठरोग्यांचा धडा फळ्यावर शिकविण्यापेक्षा असा शिकविला तर मुले विसरणार नाहीत.

आम्ही तेच केले, आणि ते सांगून हा लेख संपवितो. दुसऱ्या वर्षाची पहिली संध्याकाळ आली तेव्हा मी मावशींना म्हटले की, आज चहा माझ्याकडे. त्या तयार होईनात. “तुम्हांला जमायचे नाही,” म्हणाल्या, आणि ते खरेही ठरले, कारण पहिला चहा उतू गेला. पण त्या पुढे जाऊन बसल्या. मी आत शेगडीपाशी उभा होतो. बाहेर पेटीचा सूर लागला, गीत सुरू झाले. ते मला तुटक तुटक ऐकू येत होते. भांड्याचा आवाज झाला की शब्द बुडत, दूध वर आले की पूर्ण कडवे हातचे जाई. एका संध्याकाळीच माझा जीव कासावीस झाला. बारा संध्याकाळींचे वजन किती असेल, ते तेव्हा थोडेसे कळले.

चहा घेऊन बाहेर आलो तेव्हा मावशी डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांच्यापुढे कप ठेवताना लूकच्या बाराव्या अध्यायातील आणखी एक धनी आठवला. जागे राहिलेल्या दासांना तो मेजाशी बसवितो आणि स्वतः कंबर बांधून त्यांना वाढतो. निरुपयोगी दासाचा दाखला देणाऱ्या प्रभूनेच हाही दाखला दिला आहे. दासाने जे मागू नये, ते धनी आपण होऊन देतो. असा ज्याचा धनी आहे, त्याने आपल्याबरोबरच्या दासांचे आभार मानण्यात हात आखडता का घ्यावा?